एटसीडीच्या तीन सदस्यांपैकी एकाकडचा डेटा वेगळा, पण रॅफ्टचा निर्देशांक तिन्हीकडे सारखा: दोष नेमका कुठे शोधावा?

प्रश्न

नमस्कार. आमच्या कार्यालयातल्या कुबरनेटीस (कंटेनर चालवणारी व सांभाळणारी प्रणाली) क्लस्टरमध्ये, म्हणजे यंत्रांच्या समूहात, कालपासून असा प्रकार घडतो आहे की त्याचा उलगडा आम्हाला होत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे. क्लस्टर क्युबएडीएम या उभारणीच्या साधनाने उभा केलेला असून त्याची आवृत्ती १.२३ आहे. नियंत्रणाची तीन यंत्रे आहेत, त्यांना इथे अ, ब आणि क म्हणतो. प्रत्येक यंत्रावर एक एपीआय सर्व्हर (सर्व विनंत्या घेणारा घटक) आणि क्लस्टरची सगळी माहिती साठवणाऱ्या एटसीडी या डेटाबेसचा एक सदस्य चालतो, आणि प्रत्येक एपीआय सर्व्हर फक्त आपल्याच यंत्रावरच्या एटसीडीशी बोलतो. तिन्ही एपीआय सर्व्हरांच्या पुढे विनंत्या त्यांच्यात वाटणारा एक लोड बॅलन्सर आहे. एटसीडीची आवृत्ती ३.५.१ आहे.

काल सकाळी एका सहकाऱ्याने एका नेमस्पेसमधले (क्लस्टरमधल्या एका विभागातले) पॉड, म्हणजे चालू कंटेनरांचे गट, मोजले तेव्हा ४१ आले, आणि लगेच तीच आज्ञा पुन्हा दिली तेव्हा ५७ आले. आधी वाटले की कुणीतरी मधल्या काळात काही चालवले असावे. पण आज्ञा दहा वेळा दिली तरी हेच दोन आकडे आलटून पालटून येत राहिले. लोड बॅलन्सर टाळून थेट विचारले तेव्हा लक्षात आले की अ आणि ब नेहमी ४१ सांगतात आणि क नेहमी ५७ सांगतो. त्या जास्तीच्या १६ पॉडांपैकी काही आम्ही स्वतः परवा रात्रीनंतर काढून टाकलेले आहेत, आणि क च्या लेखी ते अजून जिवंत आहेत. त्याहून चिंतेची गोष्ट अशी की अ वरचा शेड्युलर (पॉड कोणत्या यंत्रावर चालवायचे ते ठरवणारा घटक, ज्याचा एका वेळी एकच प्रमुख असतो) आणि क वरचा शेड्युलर हे दोघेही एकाच वेळी आपणच प्रमुख असल्याचे लॉगमध्ये लिहीत आहेत.

एटसीडीच्या तिन्ही सदस्यांची आरोग्य तपासणी व्यवस्थित उत्तीर्ण होते, कुठेही अलार्म नाही, नेटवर्कमध्ये तुटकपणा नाही. हा एटसीडीचा दोष आहे की एपीआय सर्व्हरचा, आणि तपास कुठून सुरू करावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १

आपण लक्षणे नेमकी नोंदवली आहेत, त्यामुळे दोन शक्यता लवकर निकालात काढता येतील.

पहिली शक्यता एपीआय सर्व्हरच्या कॅशची. एपीआय सर्व्हर आपल्या स्मृतीत वस्तूंची एक प्रत बाळगतो आणि बहुतेक कंट्रोलर (क्लस्टरची स्थिती राखणारे घटक) तीच प्रत वाचतात. ती अडकून पडली तर शिळी माहिती मिळू शकते. मात्र आपण ज्या आज्ञेने पॉड मोजलेत ती, निदान आपल्या आवृत्तीत, रिसोर्स व्हर्जन (माहितीचा आवृत्ती-आकडा) न देता यादी मागते, आणि अशी मागणी कॅशला वळसा घालून थेट एटसीडीपर्यंत जाते. त्यामुळे माझा कौल कॅशकडे नाही, पण खातरजमा करायलाच हवी. एटसीडीसीटीएल हे एटसीडीचे आज्ञा-साधन घेऊन तिन्ही सदस्यांना एकेकट्याने विचारा, आणि प्रत्येकाला दोनदा विचारा, एकदा लिनिअरायझेबल वाचन (आधी इतरांकडून आपण ताजे आहोत याची खात्री करून) आणि एकदा सीरिअलायझेबल वाचन (थेट स्वतःच्या डेटामधून).

दुसरी शक्यता क्लस्टर दुभंगल्याची. त्यासाठी एंडपॉइंट स्टेटसचा तक्ता काढून लीडर (निवडून आलेला प्रमुख सदस्य) कोण, टर्म (निवडणुकीच्या फेरीचा क्रमांक) किती, रॅफ्ट इंडेक्स (सदस्यांत एकमत राखणाऱ्या रॅफ्ट पद्धतीच्या लॉगमधल्या शेवटच्या नोंदीचा क्रमांक) आणि अप्लाइड इंडेक्स (डेटाबेसवर कुठवरच्या नोंदी लागू झाल्या तो क्रमांक) किती हे तिन्हींसाठी पाहा. तीन सदस्यांच्या क्लस्टरमध्ये बहुमत दोघांचे, त्यामुळे एकटा पडलेला क स्वतः काही लिहूच शकणार नाही. तरीही त्याची टर्म वेगळी किंवा निर्देशांक मागे असेल तर तो तुटलेला आहे एवढे कळेल. हाच तक्ता जेसन स्वरूपात काढलात तर त्यात रिव्हिजनही, म्हणजे डेटाबेसमधल्या बदलांचा चढता क्रमांकही, मिळेल. ती अवश्य नोंदवा.

यंत्रांची घड्याळे तपासण्यात वेळ घालवू नका. रॅफ्टच्या लॉगचा क्रम घड्याळावर ठरत नाही.

प्रश्नकर्ता

सांगितल्याप्रमाणे केले. लीडर अ आहे, टर्म तिन्हीकडे १४ आहे, आणि रॅफ्ट इंडेक्स व अप्लाइड इंडेक्स तिन्हीकडे २,१४,८०,३७७ असा एकच आहे. पण रिव्हिजन अ आणि ब कडे १,८४,२६,०९३ असताना क कडे ती १,८३,७१,५४० आहे, म्हणजे ५४,५५३ ने कमी. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर हा फरक ५५,१२१ झाला होता.

लिनिअरायझेबल आणि सीरिअलायझेबल या दोन्ही वाचनांत क कडून तेच चुकीचे उत्तर येते. याचे मला फार आश्चर्य वाटले, कारण लिनिअरायझेबल वाचन म्हणजे बहुमताने तपासलेले वाचन अशी माझी समजूत होती.

क च्या कर्नल लॉगमध्ये एक नोंद सापडली. परवा रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी मेमरी संपल्यामुळे कर्नलने एटसीडीची प्रक्रिया मारली, आणि काही सेकंदांत ती आपोआप पुन्हा सुरू झाली. त्या वेळी एक मोठे बॅच काम चालू होते आणि लिखाणाचा भार नेहमीपेक्षा बराच जास्त होता.

उत्तर २

आपण दिलेल्या आकड्यांवरून आणि त्या २ वाजून ४१ मिनिटांच्या नोंदीवरून मला निदानाबद्दल बरीच खात्री वाटते. एटसीडीच्या ३.५.०, ३.५.१ आणि ३.५.२ या आवृत्त्यांत असा एक दोष होता की भार जास्त असताना प्रक्रिया अचानक मारली गेली तर मंजूर झालेला एखादा व्यवहार त्या सदस्याच्या डेटाबेसमध्ये कधीच उमटत नाही. मार्च २०२२ मध्ये एटसीडीच्या देखभालकर्त्यांनी ही बाब जाहीर करून या आवृत्त्या उत्पादनात वापरू नयेत असे सांगितले, आणि एप्रिल २०२२ मध्ये ३.५.३ मध्ये दुरुस्ती आली. क्युबएडीएम १.२२ सोबत ३.५.० आणि १.२३ सोबत ३.५.१ येत असे, त्यामुळे आपल्यासारखे अनेक क्लस्टर या कक्षेत आले.

दोष समजण्यासाठी जुन्या पेढीवरची रोजकीर्द आणि खातेवही डोळ्यांसमोर आणा. रॅफ्टचा लॉग ही रोजकीर्द आहे. तिन्ही सदस्यांकडे ती एकाच क्रमाने, एकाच मजकुराची लिहिली जाईल याची हमी रॅफ्ट देतो. बीबोल्टची, म्हणजे एटसीडीच्या डिस्कवरच्या डेटाबेसची, फाइल ही खातेवही आहे, आणि रोजकीर्दीतून खातेवहीत नोंद उचलणे, म्हणजे खतावणी, प्रत्येक सदस्य आपापल्या ठिकाणी एकट्याने करतो. खतावणी कुठपर्यंत झाली याची खूण खातेवहीतच ठेवलेली असते, तिला कन्सिस्टंट इंडेक्स म्हणतात. सदस्य पुन्हा सुरू झाला की तो ही खूण पाहतो आणि तिच्या आधीच्या नोंदी झालेल्या समजून ओलांडून पुढे जातो.

३.४ पर्यंत ही खूण आणि नोंदीचा मजकूर एकत्रच लिहिले जात. ३.५ मध्ये संहितेची फेरमांडणी करताना खूण आधी स्मृतीत बदलायची आणि डेटाबेसची तुकडी डिस्कवर जाण्याच्या क्षणी सोबत लिहायची अशी रचना झाली. ही तुकडी मूळ मांडणीनुसार दर १०० मिलिसेकंदांनी किंवा १०,००० क्रिया झाल्यावर डिस्कवर जाते. आता समजा, एका नोंदीसाठी खूण स्मृतीत पुढे सरकली आहे, नोंदीचा मजकूर अजून व्यवहारात शिरलेला नाही, आणि नेमक्या त्याच फटीत तुकडी डिस्कवर गेली. खातेवहीत खूण लागली, नोंद मात्र लागली नाही. एरवी पुढच्या तुकडीत नोंद येऊन पोहोचते आणि कुणाला काही कळतही नाही. पण त्या दरम्यान कर्नलने प्रक्रिया मारली, तर पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंद झालेली आहे असे समजून कायमची ओलांडली जाते. ३.५.३ मध्ये खूण बदलण्याचे काम व्यवहाराच्या कुलपाच्या आत नेले, त्यामुळे ही फट बुजली. प्रक्रिया रीतसर थांबवली तर शेवटची तुकडी आधी डिस्कवर जाते, म्हणून नेहमीच्या रीस्टार्टमध्ये हे कधी दिसत नाही.

आता आपल्या दोन्ही कोड्यांकडे येतो. लिनिअरायझेबल वाचनात सदस्य लीडरला फक्त एवढेच विचारतो की मंजूर निर्देशांक कुठवर आला आहे, आणि आपली खतावणी तिथवर पोहोचली की स्वतःच्याच खातेवहीतून उत्तर देतो. क ची खूण पुढे आहेच, त्यामुळे त्याला थांबण्याचे कारण उरत नाही. मजकुराची तुलना कुणीच करत नाही. म्हणूनच एकसारखा अप्लाइड इंडेक्स पाहून निर्धास्त होणे या दोषात फसवे ठरते.

फरक वाढत का जातो, हे जास्त गंभीर आहे. एक व्यवहार हुकला की क ची रिव्हिजन एकाने मागे पडते, आणि त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक कीची (नोंदीच्या नावाची) मॉड रिव्हिजन, म्हणजे ती शेवटची बदलली तेव्हाची रिव्हिजन, क कडे वेगळी पडते. कुबरनेटीस कोणतीही वस्तू बदलताना किंवा काढताना "या कीची मॉड रिव्हिजन अमुक असेल तरच" अशी अट घालतो. अ मार्फत आलेली अट अ आणि ब वर पुरी होते, क वर फसते, म्हणून आपण काढलेले पॉड क वर शिल्लक राहिले. उलट क मार्फत आलेली अट क वर पुरी होते आणि अ, ब वर फसते. क्लायंटला उत्तर मात्र तो ज्या सदस्याशी जोडलेला आहे त्याच्याकडून मिळते. म्हणजे परवा रात्रीपासून क मार्फत ज्यांनी काही बदलले त्यांना "झाले" असे उत्तर मिळाले आहे, आणि बहुमताच्या दोन खातेवह्यांत तो बदल नाही. दोन शेड्युलर प्रमुख झाले तेही यामुळेच. अ वरच्या प्रमुखाने केलेले लीजचे (प्रमुखपदाच्या मुदतीच्या नोंदीचे) नूतनीकरण क पर्यंत उमटत नाही, म्हणून क वरच्याला ती लीज संपलेली दिसते आणि तो ताबा घेतो. नव्या वस्तू निर्माण करताना "ही की अस्तित्वात नसावी" एवढीच अट असते, ती तिन्हीकडे पुरी होते, त्यामुळे क नवे पॉड दाखवत राहतो आणि तो धडधाकट असल्याचा भास टिकतो.

उत्तर ३

आम्हीही यातून गेलो आहोत. क ला क्लस्टरमधून काढा, त्याची डेटा डिरेक्टरी पुसा आणि नव्याने जोडा. लीडरकडून स्नॅपशॉट (डेटाची पूर्ण प्रत) येईल आणि तिन्ही सारखे होतील. अर्ध्या तासाचे काम आहे, फार विचार करत बसू नका.

उत्तर २

वरचा उपाय अखेरीस करायचाच आहे, पण आज लगेच डिरेक्टरी पुसू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. क ची डिरेक्टरी हा तुमच्याकडचा एकमेव पुरावा आहे, आणि क मार्फत स्वीकारले गेलेले बदल फक्त तिथेच आहेत. पुसली की दोन्ही हातचे गेले.

आधी क वरचा एपीआय सर्व्हर लोड बॅलन्सरमधून काढा, आणि क वरचे एपीआय सर्व्हर, शेड्युलर व कंट्रोलर मॅनेजर थांबवा. त्यामुळे नवे नुकसान थांबेल. एटसीडी मात्र चालू राहू द्या. क ची रोजकीर्द बरोबर आहे, त्यामुळे बहुमत मोजताना त्याचे मत ग्राह्यच आहे, आणि पुढे अ, ब चे अपग्रेड करताना ते मत उपयोगी पडेल. मग क चा एटसीडी थोडा वेळ रीतसर थांबवून संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि तो पुन्हा चालू करा.

अ आणि ब एकमेकांशी जुळतात हे गृहीत धरू नका, तपासा. डेटाचा हॅश, म्हणजे तुलनेसाठीचा ठसा, काढणारी एंडपॉइंट हॅशकेव्ही ही आज्ञा दोघांना एकच निश्चित रिव्हिजन देऊन चालवा. रिव्हिजन न देता चालवलीत तर मधल्या काळात आलेल्या लिखाणाने हॅश उगाच वेगळे येतील. दोघांची कॉम्पॅक्ट रिव्हिजन (जिथवरचा जुना इतिहास पुसला गेला आहे ती) सारखी आहे का तेही पाहा, कारण ती वेगळी असेल तर हॅशच्या तुलनेला अर्थ राहत नाही. क शी हॅश जुळण्याचा प्रश्नच नाही, त्याच्याकडे त्याच आकड्याची रिव्हिजन म्हणजे वेगळाच क्षण आहे.

त्यानंतर निदानाचा पक्का पुरावा. अ आणि क कडून सर्व की मॉड रिव्हिजनच्या क्रमाने काढून शेजारी ठेवा. अपघाताच्या आधीपासून न बदललेल्या कींचे आकडे जुळतील, आणि एका ठिकाणापासून क चे आकडे घसरतील. त्या सांध्याजवळ अ कडे असलेली आणि क कडे नसलेली नोंद शोधा. मग एटसीडी डंप लॉग्ज हे साधन क च्या डिरेक्टरीच्या प्रतीवर चालवून तीच नोंद क च्या रोजकीर्दीत आहे का पाहा. मांडणी मूळची असेल तर रोजकीर्दीच्या ६४ मेगाबाइटच्या पाच फाइली ठेवल्या जातात, तेव्हा दीड दिवसापूर्वीची नोंद बहुधा अजून सापडेल. पण उशीर केलात तर ती पुसली जाईल. नोंद रोजकीर्दीत आहे, तिच्या पुढच्या नोंदी खातेवहीत उतरल्या आहेत, आणि तीच एक उतरलेली नाही, असे दिसले तर संशयाला जागा राहणार नाही. नोंद रोजकीर्दीतही नसेल, तर माझे निदान चुकले आणि पाणी दुसरीकडे मुरते आहे असे समजून नव्याने विचार करावा लागेल.

आणखी एक गोष्ट लगेच पाहा. तुमचा रोजचा बॅकअप कोणत्या सदस्यावरून घेतला जातो?

प्रश्नकर्ता

आपले आभार कसे मानावेत ते समजत नाही. बॅकअपचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला, कारण आमचे बॅकअपचे क्रॉन काम क वरच लावलेले होते. त्या यंत्रावर भार कमी असतो म्हणून आम्हीच तसे ठरवले होते. दर सहा तासांनी बॅकअप निघतो. अपघातानंतरचे सगळे स्नॅपशॉट बिघडलेल्या खातेवहीचे आहेत, आणि त्यांचा स्टेटस तपासला तर त्यात काहीही वावगे दिसत नाही. ते सर्व वेगळे करून त्यांवर "वापरू नये" असे लिहून ठेवले आहे आणि अ वरून ताजा स्नॅपशॉट घेतला आहे.

अ आणि ब चे हॅश एकाच रिव्हिजनवर जुळले. अ आणि क च्या याद्या शेजारी ठेवल्या तेव्हा सांधा सापडला. बॅच कामातल्या एका जॉबच्या स्थितीची ती नोंद होती. अ कडे जॉब पूर्ण झालेला, क कडे अजून चालू. क च्या रोजकीर्दीत २,१३,४८,९०६ या निर्देशांकावर तो व्यवहार जसाच्या तसा आहे. त्याच्या मागची आणि पुढची नोंद क च्या खातेवहीत उतरली आहे, मधली ही एकच नाही.

क वरचे घटक थांबवल्यावर दुसरा शेड्युलर थांबला आणि पॉडांची संख्या सर्वांना ४१ दिसते आहे. क मार्फत स्वीकारले गेलेले आणि अ कडे नसलेले बदल आता काढतो आहोत. बरेचसे लीज आणि पॉडांच्या स्थितीचे आहेत, ते सोडून देता येतील. पण सहा कॉन्फिगमॅप (मांडणीच्या नोंदी) आणि दोन सीक्रेट (पासवर्डसारख्या गुप्त नोंदी) असे निघाले की जे सहकाऱ्यांनी खरोखर बदलले होते. ते प्रत्येकाला विचारून अ मार्फत पुन्हा लिहू.

आज रात्री अपग्रेड करण्याचा विचार आहे. क्रम असा ठरवला आहे: आधी क काढायचा आणि मग अ, ब चे अपग्रेड. आणि नव्या आवृत्तीत सुरुवातीलाच डेटा तपासणारा एक्स्पेरिमेंटल इनिशिअल करप्ट चेक हा पर्याय पहिल्यापासून चालू ठेवायचा. हे योग्य आहे का?

उत्तर २

पुरावा स्पष्ट आहे. क्रम मात्र उलटा करा.

क आधी काढलात तर दोनच सदस्य उरतील, दोघांचे बहुमत दोनच असते, आणि अ किंवा ब अपग्रेडसाठी थांबताच लिखाण बंद पडेल. म्हणून क मतदार असतानाच आधी ब चे अपग्रेड करा, मग लीडरपद मूव्ह लीडरने ब कडे देऊन अ चे करा. मध्ये क कडे लीडरपद गेले तर ते लगेच परत घ्या, कारण मागे पडलेल्या सदस्याला स्नॅपशॉट लीडरकडून जातो आणि तो बिघडलेल्या खातेवहीचा जाऊ नये. त्यानंतर क ला मेंबर रिमूव्हने काढा, डिरेक्टरी बाजूला हलवा, नवी आवृत्ती बसवून त्याला आधी लर्नर (मत नसलेला सदस्य) म्हणून जोडा, आणि तो लीडरच्या बरोबरीला आला की पूर्ण सदस्य करा.

करप्ट चेकचा पर्याय चांगला आहे आणि तो कायम ठेवावा, पण क जुन्या डेटासह क्लस्टरमध्ये असेपर्यंत नको. सुरू होताना सदस्य आपला हॅश सर्व सोबत्यांशी ताडून पाहतो, आणि क शी जुळला नाही तर धडधाकट ब देखील सुरू होण्यास नकार देऊ शकतो. क स्वच्छ होऊन परतला की तिन्हीकडे तो चालू करा, आणि ठराविक वेळाने तपासणी करणारा करप्ट चेक टाइमही लावा. ३.५.३ वर थांबण्याऐवजी ३.५ मालिकेतली शक्य तितकी नवी आवृत्ती घ्या, पुढच्या आवृत्त्यांत याच जातीच्या आणखी काही त्रुटी दुरुस्त झाल्या आहेत.

क ची मेमरी वाढवायला विसरू नका. दोष दुरुस्त झाला तरी कर्नलने एटसीडी मारत राहणे हे वेगळे दुखणे आहे.

प्रश्नकर्ता

सांगितलेल्या क्रमाने काल रात्री साडेअकरा ते पावणेदोन या वेळात काम पूर्ण झाले. ब नंतर अ चे अपग्रेड करताना एकदा लीडरपद क कडे गेले होते, ते दहा सेकंदांत ब कडे परत आणले. क लर्नर म्हणून जोडल्यावर चार मिनिटांत बरोबरीला आला. सकाळी तिन्ही सदस्यांची रिव्हिजन एक आहे आणि एकाच रिव्हिजनवर तिघांचे हॅश जुळतात. करप्ट चेकचे दोन्ही पर्याय तिन्हीकडे चालू केले आहेत. बॅकअपचे काम आता आळीपाळीने तिन्ही सदस्यांवरून होते, आणि प्रत्येक बॅकअपच्या आधी हॅशची तुलना करून ती जुळली नाही तर सूचना जाते.

आठपैकी सात बदल पुन्हा लिहून झाले आहेत. एका सीक्रेटचा मालक सहकारी रजेवर आहे, तो परतेपर्यंत क च्या जुन्या डिरेक्टरीची प्रत जपून ठेवली आहे.